आधी काळी, मग करडी

प्रवासाला निघताना घराला कुलूप लावायचं आणि किल्ली शेजाऱ्यांकडे द्यायची, हा आमच्या घराण्याचा रिवाज. कुलूप तीनदा ओढून पाहायचं, जिना उतरल्यावर गॅस बंद केला होता का ते आठवायचं, पुन्हा वर जायचं आणि एस.टी. चुकवायची, हा त्याच रिवाजाचा उत्तरार्ध. पण घरालाच चाकं लावून ते बरोबर न्यायचं आणि वर त्याला सुट्टी म्हणायचं, हा प्रकार मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, २०२३ च्या सप्टेंबरात, अमेरिकेत पाहिला.

मुलगा डेन्व्हरला असतो. आम्ही उभयता तिकडे पोहोचलो आणि चौथ्याच दिवशी तो म्हणाला, "बाबा, या वेळी आरव्हीनं जाऊ या. आठ दिवस. डोंगर उतरून युटा, अ‍ॅरिझोना, मेसा व्हर्डे करून परत." आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. सोप्या मराठीत सांगायचं तर विंचवाचं बिऱ्हाड, फक्त पंचवीस फूट लांब आणि दर दिवसाच्या भाड्यानं. आत दोन पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी आणि चक्क संडास. नात लगेच ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढून बसली. सौ.नं एकदा आत नजर फिरवली आणि म्हणाली, "आपली पहिली खोली याच्यापेक्षा लहान होती हो. आणि संडास खाली, अंगणापलीकडे." तेवढ्यावरच तिनं गाडी पसंत केली.

मला मात्र आवडली ती दारापाशी लावलेली एक छोटी पाटी. मी आयुष्यभर एका नगरपालिकेच्या हिशोब खात्यात बसलेला माणूस. जिथे शिल्लक दिसते तिथे माझं मन रमतं. त्या पाटीवर बटण दाबलं की दिवे लागत. पहिली टाकी स्वच्छ पाण्याची. दुसरी करडी, म्हणजे मोरीतलं आणि अंघोळीचं पाणी. तिसरी काळी. तिसरीत काय असतं ते मी सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. जमेच्या बाजूला घट आणि नावेच्या बाजूला वाढ, असा तो चोख ताळेबंद. मी दर दोन तासांनी बटण दाबून आकडे वाचायचो आणि नात ते वहीत लिहायची. सूनबाईनं तेवढं सुचवून पाहिलं, की बाबा, काळ्या टाकीचा आकडा जेवताना नका वाचू.

रस्त्याचं वर्णन मी थोडक्यात उरकतो. ते करणारे पुष्कळ आहेत. डेन्व्हर सोडलं की रॉकी पर्वत चढायला लागतो. आयसेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. बोगद्यातून बाहेर पडलं की उतार असा, की ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला खडी पसरलेले चढावाचे रस्तेच काढून ठेवलेत. ट्रकनं तिथे घुसायचं आणि खडीत रुतून थांबायचं. आमच्या हातून काही चुकणार हे गृहीत धरून सरकारनं आधीच रस्ता बांधून ठेवावा, ही कल्पनाच मला नवीन होती. मुलगा गाडी खालच्या गिअरात घालून उतरत होता, मागे ताटल्या खणखणत होत्या आणि सौ. रामरक्षेच्या दुसऱ्या आवर्तनात होती. मग ग्लेनवूडची घळ, कोलोरॅडो नदी, ग्रँड जंक्शनला मुक्काम. आणि दुसऱ्या दिवशी जमीन एकदम लाल, झाडं गायब, आभाळ चौपट. मोआबजवळ आर्चेस नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे दगडाच्या दोन हजारांवर नैसर्गिक कमानी आहेत. त्यांतल्या चार आम्ही पाहिल्या. बाकीच्यांची क्षमा मागितली, कारण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटीवर काळ्या टाकीचा शेवटचा दिवा लागला.

"बाबा, तुम्ही आत बसा. मी टाकी रिकामी करून येतो," मुलगा म्हणाला.

आता, त्याची पाठ दोन दिवस चाक धरून धरून अवघडलेली. मीही उतरलो. त्याला डंप स्टेशन म्हणतात. सिमेंटचा ओटा, मध्ये झाकणाचं भोक, बाजूला पाण्याचा नळ आणि मागे आपला नंबर यायची वाट पाहणाऱ्या गाड्यांची रांग. मुलानं खोक्यातून रबरी हातमोज्यांचा जोड काढून दिला. मग पाऊण वीत जाड, अजगरासारखी वळ्यावळ्यांची नळी. तिचं एक टोक गाडीला, दुसरं भोकात. "आधी काळी, मग करडी," मुलानं मंत्र दिला. म्हणजे काळीचा खटका आधी ओढायचा आणि नंतर करडीचं साबणाचं पाणी सोडायचं, की नळी आपोआप धुतली जाते. उलट केलंत तर काय होतं ते विचारू नका. मी खटका ओढला. अजगर थरथरला. आमच्या कुटुंबाचा तीन दिवसांचा एकत्रित कारभार माझ्या हातांखालून घळघळत गेला.

मागच्या गाडीतले म्हातारे गृहस्थ घडीची खुर्ची टाकून पाहत बसले होते. त्यांनी मला अंगठा दाखवला. आपल्याकडे अंगठा दाखवणं वेगळं. तिथे ती शाबासकी.

हात चारदा धुतले. आणि मग, वाचकहो, मला जो काही साक्षात्कार झाला म्हणता! आपण स्वतःची घाण स्वतः काढली. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये गांधीजींनी हाती झाडू घेऊन संडास साफ केला, तिथपासून थेट मोआबपर्यंत एक सरळ रेघ मला दिसू लागली. अप्पासाहेब पटवर्धन आठवले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेतलं, ते ब्राह्मण म्हणून नाकारलं गेलं, त्यांनी अन्नावर निर्बंध घातला आणि त्यांच्यासाठी गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले. मोआबला रात्रीचे आठ म्हणजे पुण्याला सकाळचे साडेसात. मी तिघा मित्रांना फोन लावले. दोघे त्या वेळी नेमके जिथे असायला हवेत तिथे होते, त्यामुळे घरच्यांनी नंतर करा म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विमा काढलायस ना रे?"

फोन ठेवला तर सौ. चहाच्या पातेल्याशी. वळून न बघताच म्हणाली, "झालं का सगळ्यांना सांगून? तीन पोरांचे लंगोट धुतले मी. सासूबाई शेवटचे सात महिने अंथरुणावर होत्या. तेव्हा मी कुणाला फोन केला होता का?"

यावर बोलण्यासारखं फारसं नसतं. मी पाटीचं बटण दाबलं. काळी टाकी शून्य. सून खिडकीतून बाहेर बघत होती, पण तिचे खांदे हसत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेक्सिकन हॅट नावाच्या गावाला आलो. डोक्यावर उलटी टोपली ठेवावी तसा एक खडक तिथे आहे, त्यावरून गावाचं नाव. तिथे सान हुआन नदीतून रबरी नावा काठाला लागत होत्या. लोक दोरखंड सोडत होते, पेट्या उतरवत होते. एक चौकोनी लोखंडी डबा दोघं जण अगदी देवघर हलवावं तशा काळजीनं नेत होते. मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, ते त्यांचं... म्हणजे तुमची काळी टाकी." नदीत नाव घालायची तर परवाना लागतो आणि परवान्याची अटच अशी, की माणसांची विष्ठासुद्धा डब्यात भरून परत न्यायची, नदीकाठी काही ठेवायचं नाही. पूर्वी दारूगोळ्याच्या रिकाम्या डब्यांवर बसत, त्यांच्या कडांचे मागच्या बाजूला वळ उठत, म्हणून त्या डब्याला नावच 'ग्रूव्हर' पडलं. डबा नेणाऱ्यांपैकी एक, मागून कळलं, हृदयाचा डॉक्टर होता.

त्या रात्री आम्ही गूसनेक्स नावाच्या जागी मुक्काम केला. खाली हजार फूट खोल दरीत हीच नदी इतकी वळणं घेते, की सहा मैल वाहून दीड मैल पुढे सरकते. (आमच्या कचेरीतला कागदही याच वेगानं जायचा.) वरती कड्यावर गाडी लावायची. दिवा नाही, नळ नाही. आकाशगंगा इतकी खाली, की सौ. म्हणाली, वाळत घातलेलं काही काढायचं राहिलंय का बघा. सगळे झोपले. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो, आणि ज्याची आठवण मी मोआबपासून टाळत होतो ते समोर येऊन बसलं.

आमचं गाव तालुक्याचं. साठच्या दशकात आमच्या वाड्याला टोपलीचा संडास होता. पुढून आम्ही चढायचो. मागे बोळ, बोळात लाकडी झडप. रोज सकाळी एक बाई यायची, झडप उघडायची, खरवडायची आणि डोक्यावर घेऊन जायची. आई तिच्या हातावर वरून पाणी घालायची, दिवाळीला फराळाचा पुडा उंबऱ्यावर ठेवायची आणि बाई तो उचलायची. आम्ही तिला तिच्या जातीच्या नावानं हाक मारायचो. ते इथे लिहीत नाही. खरं नाव लिहिलं असतं, पण दहा-बारा वर्षांत ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मॅट्रिकला मला शहाऐंशी टक्के मिळाले तेव्हा तिनं बोळातूनच, "धाकलं मालक पास झालं म्हणं," असं आईला विचारलं होतं. म्हणजे तिला माझं सगळं माहीत होतं.

लहानपणी आम्हाला कर्मसिद्धान्त शिकवला होता. ज्याचं कर्म त्यानंच भोगायचं. बापाचं मुलाला नाही, भावाचं भावाला नाही. पण त्यात एक फट कुणीतरी मोठी हुशारीनं ठेवली होती. आमच्या पोटचं रोजचं कर्म मात्र बिनबोभाट दुसऱ्याच्या नावावर चढत होतं. आम्ही घाण करायचो आणि अंघोळ करून सोवळ्यात जेवायला बसायचो. ती घाण काढायची आणि जन्माची ओवळी ठरायची. हिशोबाच्या भाषेत याला चुकीची नोंद म्हणतात. घाण नक्की कुणाची, करणाराची की काढणाराची, हा साधा प्रश्न. आमच्या वाड्यात चार शास्त्री येऊन जेवून गेले, त्यांतल्या एकानंही तो काढल्याचं मला आठवत नाही. मीही काढला नाही, ते बालपणीचं सोडून देऊ. पण पुढे मी मोठा झालो, नोकरीला लागलो, आणि खरी भानगड तिथे आहे.

ती सांगण्याआधी मधला एक दिवस. मॉन्युमेंट व्हॅली म्हणजे सिनेमातली ती लाल, उभी, एकटी पाषाणशिखरं. हा नवाहो लोकांचा मुलूख, महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव आकाराचा. आमच्या पुढे एक जुनी पिकअप चालली होती, मागे प्लॅस्टिकची पांढरी टाकी बांधलेली. पाणी. तिथल्या सुमारे तीस टक्के घरांत आजही नळ नाही, लोक मैलोगणती जाऊन पाणी भरून आणतात. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं होतं, की १८६८ च्या तहानं या लोकांना पाणी मिळवून द्यायची जबाबदारी सरकारवर येत नाही. नातीनं विचारलं, "आजोबा, त्यांच्या टाकीला दिवे असतात?" मी त्या दिवशी बटण दाबलं नाही.

मग मेसा व्हर्डे. कोलोरॅडोच्या कोपऱ्यातलं पठार. कड्यांच्या पोटात प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी दगडी घरं बांधली होती. क्लिफ पॅलेस नावाच्या वस्तीत तर दीडशेच्या आसपास खोल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळ पडले त्या सुमाराला, ती माणसं दक्षिणेकडे निघून गेली. त्यांचे वंशज आज होपी, झुनी वगैरे गावांत आहेत. समोरच्या कड्यावरून बघताना मला आमचा वाडाच दिसायला लागला. तिथल्या रेंजरबाई सांगत होत्या, की या लोकांबद्दल जे कळलं त्यातलं पुष्कळसं त्यांच्या उकिरड्यांतून कळलं. घरापुढच्या उतारावर ते कचरा टाकायचे. मक्याची कणसं, फुटकी मडकी, हाडं आणि युका नावाच्या झाडाच्या धाग्यांनी विणलेल्या, झिजून फाटलेल्या चपला.

फाटलेल्या चपला म्हटलं आणि मी कठड्याला धरून उभा राहिलो. सौ.ला वाटलं, चक्कर आली.

साल १९८७. मी तेव्हा हिशोबात हेडक्लार्क. आरोग्य विभागाची फाईल आली: सफाई कामगारांसाठी रबरी हातमोजे, १२० जोड. रक्कम किरकोळ. मी शेरा मारला, 'मागील वर्षी पुरविलेल्या हातमोज्यांचा विनियोग कसा झाला, याबाबत खुलासा सादर करावा.' उत्तम शेरा होता. मला तो आजही व्याकरणासकट पाठ आहे. पंधरा दिवसांनी मुकादम एक पोतं घेऊन आला आणि माझ्या टेबलाशी उघडं केलं. आत मागच्या वर्षीचे हातमोजे. बोटं फुटलेले, तळवे फाटलेले, कडक झालेले. "साहेब, हा घ्या खुलासा," तो म्हणाला. कचेरीभर वास सुटला. मी नाकाला रुमाल लावला आणि म्हणालो, "आधी हे बाहेर न्या. आणि खुलासा लेखी असतो."

लेखी खुलासा आला, त्यावर आणखी एक शेरा गेला, मार्चअखेर झाली, तरतूद परत गेली. हातमोजे अकरा महिन्यांनी मिळाले. अकरा महिने त्या माणसांनी काय केलं असेल, हा प्रश्न हिशोब खात्याच्या कक्षेत येत नव्हता. डोक्यावरून मैला वाहण्याला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली आणखी कडक झाला. दोन्ही वेळा मी पेपरात वाचलं आणि बरं झालं म्हणालो. गटारात माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या, त्याही वाचल्या. बोळातली ती झडप आणि माझ्या टेबलावरचं ते शाईचं पेन यांचा काही संबंध आहे, हे कळायला मला परदेशात जाऊन भाड्याच्या गाडीचा खटका ओढावा लागला.

हे मी मुलाला सांगितलं ते वुल्फ क्रीकच्या घाटात. तो गाडी चालवत होता, म्हणजे उठून जाऊ शकत नव्हता. सगळं ऐकून तो म्हणाला, "बाबा, पैसे देऊन काम करून घेण्यात कमीपणा कसला? प्लंबरला आपण देतोच ना? शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर काय अत्तरात हात घालतो?" मुद्दा बिनतोड होता. मी बराच वेळ विचार केला. शेवटी म्हणालो, "डॉक्टरच्या हातमोज्यांवर कुणी शेरा मारत नाही रे." त्यावर तो काही बोलला नाही, पुढे वळण होतं हेही खरं.

आठव्या दिवशी डेन्व्हरला गाडी परत द्यायची होती. करारात लिहिलं होतं, टाक्या रिकाम्या करून द्याव्यात, नाही तर वेगळे पैसे. काळीचा दिवा दोन तृतीयांशावर होता. मी रस्ताभर ठरवून ठेवलं होतं, की या वेळी अथपासून इतिपर्यंत एकट्यानं करायचं, मुलाला उतरूही द्यायचं नाही. पण वाटेत गारा लागल्या, मग अपघातानं रस्ता दोन तास बंद. कचेरी मिटायला वीस मिनिटं उरली असताना आम्ही तिथे पोहोचलो. मुलाला रात्री ऑफिसची मीटिंग, नातीला ताप. "पैसे भरून टाकू बाबा, तिथला माणूस करेल," तो म्हणाला. मी नको म्हणालो नाही. एवढ्या चिंतनानंतर मी नको म्हणालो नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

सामान उतरवून होईपर्यंत तो माणूस आला. पंचविशीचा पोरगा, कानात गाणी. गाडीच्या बाजूला बसला, हातमोजे चढवले. जाड, निळे, कोपरापर्यंत. मी जवळ जाऊन उभा राहिलो. माझं इंग्रजी कचेरीतलं. पण त्याला कळलं.

"हे कंपनी देते की तुझे तू आणतोस?"

"कंपनी."

"बदलून कधी मिळतात?"

त्यानं कानातलं एक बटण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला नक्की काय हवंय ते त्याला समजेना.

"फाटले की," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं होतं, पण पुढचं काही विचारलं नाही. तो खाली वाकला, नळी जोडली आणि खटक्याला हात घातला. आधी काळी.